दहा दिवसांची व्हीबीएस, साडेतीनशे रुपये आणि एक घोंगडी

आधीच सांगून टाकते, मंडळीचं (म्हणजे चर्चचं) नाव लिहिणार नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि तिथले सगळे आपलेच लोक, रविवारी परत त्याच बाकावर जाऊन बसायचंय. पिंपरी-चिंचवडमधली एक मध्यम मराठी मंडळी, एवढं पुरे. या मे महिन्यात त्यांच्या व्हीबीएसला माझी दोन्ही मुलं घातली होती, मोठी नऊ वर्षांची आणि धाकटा पाच पूर्ण. दहा दिवस, सकाळी नऊ ते साडेबारा, फी माणशी साडेतीनशे, त्यात वर्कबुक, टोपी आणि रोजचा खाऊ. टी-शर्टचे वेगळे दीडशे, जे मी दिले नाहीत आणि मग दहा दिवस धाकट्याचं तोंड बघितलं, तर तुम्ही देऊन टाका.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. गाणी, बायबलमधली गोष्ट, वचन (म्हणजे बायबलमधलं एखादं वाक्य) पाठ करणं, क्राफ्ट, खेळ, खाऊ, आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर क्लोजिंग प्रोग्राम. याची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली, रॉबर्ट बॉव्हिल नावाच्या पाळकांनी १९०१ मध्ये उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी असे वर्ग नीट संघटित करून चालू केले. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली तरी मूळ कारण तेच आहे, सुट्टीत पोरं घरात आवरत नाहीत. मी पण काही फार पवित्र हेतूने नावं घातली नव्हती. वर्क फ्रॉम होम आहे, साडेतीन तास घर शांत, एवढाच विचार.

पण मी स्वतः नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय) आणि आमच्याकडे दर रविवारी शब्बाथ शाळा (म्हणजे संडे स्कूल) असायची, त्यामुळे हे शिकवणं कसं असतं, कसं असावं याबद्दल माझी ठाम मतं आहेत, नवरा म्हणतो जरा जास्तच ठाम. आमच्या लहानपणी काही किट-बिट, म्हणजे तयार धड्यांचा संच, नव्हतं. एक पेटी, एक ढोलकी, फळ्याला टांगलेलं चित्र आणि सुवर्णवचनाची, म्हणजे पाठ करायच्या वचनाची, चिठ्ठी. चिठ्ठी हरवली तर आज्जी ओरडायची. आणि गाणी मराठी चालीवर. नारायण वामन टिळक नगरलाच राहिले, काम केलं, त्यांना तर फुलामुलांचे कवीच म्हणायचे, आणि त्यांची कितीतरी भजनं आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात आहेत, ती आम्ही अर्थ कळायच्या आधी गायला लागलो. अर्थ नंतर एकेक करून आला, काहींचा तर लग्नानंतर आला.

असो. रिव्ह्यू.

पहिल्या दिवशी सोडायला गेले तर गेटपासूनच स्पीकरचा आवाज. यंदाची थीम समुद्राखालची, सगळ्या हॉलला निळा कागद, थर्माकोलचे मासे, ऑक्टोपस, एक पाणबुडी पण होती आणि ती खरंच छान केली होती, तरुण संघाच्या पोरांनी तीन रात्री जागून. किट बाहेरून मागवलेलं, मूळ परदेशी, त्याचं हिंदी-इंग्रजी रूप. थीम साँग इंग्रजीत, मधे दोन ओळी हिंदी, आणि व्हिडिओवर बघून अ‍ॅक्शन करायच्या. मुलं नाचली, खोटं कशाला बोलू, घामाघूम होईपर्यंत नाचली. पण घरी आल्यावर धाकट्याला विचारलं काय म्हणतात गाण्यात, तर म्हणाला "लालाला जीजस लालाला डीप." चार दिवस रोज विचारलं, रोज तेवढंच. दहाव्या दिवशी पण तेवढंच होतं, फक्त आत्मविश्वास वाढला होता.

आता कोणी म्हणेल की इंग्लिश मीडियमची मुलं आहेत, मराठीत तरी काय कळणार. हा मुद्दा आहे आणि खरा आहे. आपलं मराठी पवित्र शास्त्र मोठ्यांनाच जड जातं. तिसऱ्या दिवशी आत्म्याचं फळ होतं, गलतीकरांस पत्र पाचवा अध्याय, नऊ गुण. प्रीती, आनंद, शांती इथपर्यंत गाडी नीट येते, सहनशीलता म्हणताना जीभ वळते, आणि शेवटी येतं इंद्रियदमन. पाच वर्षांच्या मुलाला इंद्रियदमन! वर्गातल्या ताईने ते तीनदा म्हणवून घेतलं आणि पुढे गेली. क्राफ्टमध्ये नऊ फळं रंगवून कापायची होती. सफरचंद, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, पेअर. घरी आणलेल्या फळांवर मागे नावं लिहिलेली, तर इंद्रियदमनचं झालं होतं केळं. का केळं, तर म्हणे तेच उरलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, पंडिता रमाबाईंनी केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं, तिथल्या मुलीबायांनीच छापखान्यात खपून काढलं, का तर साध्यासुध्या बाईला वाचता यावं म्हणून. आणि आपण शंभर वर्षांनी पाच वर्षांच्या पोराला इंद्रियदमन पाठ करायला लावून वर पॉइंट देतोय. "मन आवरणं" म्हणा की. वाढदिवसाच्या केकवर दुसरा तुकडा मागायचा नाही, हे त्याला बरोबर कळतं.

तर तिसऱ्या दिवसापर्यंत माझं मत दोन स्टार होतं.

चौथ्या दिवशी बिगिनरच्या (चार ते सहा वर्षं) वर्गातली ताई आजारी पडली आणि तिच्या जागी एक काकू आल्या. झेडपीच्या शाळेत जन्म घालवलेल्या, आता रिटायर. मी त्या दिवशी थांबले होते कारण धाकट्याचं पोट बिघडलं होतं, म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलंय, नाहीतर त्याच्याकडून मला "मजा आली" एवढंच कळलं असतं.

त्या दिवसाचं वचन स्तोत्र २३, पहिली ओवी. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही. किटमध्ये याच्यासाठी पाच बोटांची अ‍ॅक्टिव्हिटी दिलेली. इंग्रजीत त्या वाक्याचा पहिला भाग मोजून पाच शब्दांचा आहे, एकेका बोटाला एक शब्द, फार जुनी आणि चांगली युक्ती आहे ती. पण मराठीत शब्द येतात चार. परमेश्वर, माझा, मेंढपाळ, आहे. अंगठा रिकामा. बाजूच्या वर्गातल्या पोरांनी काय केलं तर मधे एक "हा" घुसवला, परमेश्वर हा माझा मेंढपाळ आहे, झाले पाच. काकूंनी अंगठा रिकामाच ठेवला. म्हणाल्या, "अंगठा म्हणजे तू. तू मेंढरू." मग करंगळीपासून एकेक बोट मिटायचं, परमेश्वर, माझा, मेंढपाळ, आहे, आणि अंगठा चार बोटांच्या आत. "आता ओढून काढा बघू शेजारच्याचं मेंढरू." झालं, सगळी पोरं एकमेकांचे अंगठे ओढायला लागली, निघेचनात, हसून हसून पडली. पंधरा मिनिटं हेच चाललं होतं. पंधरा मिनिटांत ते वाक्य प्रत्येकाने तीस-चाळीस वेळा म्हटलं असेल आणि पाठ करतोय हे एकालाही कळलं नाही.

मग एकाने विचारलंच की मेंढपाळ म्हणजे काय. शेफर्ड त्यांना माहीत आहे, नाताळच्या नाटकात डोक्याला टॉवेल बांधलेला असतो तो. मेंढपाळ माहीत नाही. काकूंनी विचारलं, रस्त्याने मेंढ्या जाताना कोणी बघितल्या? चार-पाच हात वर. आमच्याकडे या भागात धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी माघारी येतात, त्यामुळे हायवेला गाडी थांबवून मेंढ्या जाऊ देणं हे सगळ्या मुलांनी गाडीतून बघितलेलं असतं, बापाचा हॉर्न पण ऐकलेला असतो. "तो पुढे चालतो ना काठी घेऊन, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी? तो मेंढपाळ." आणि पिशवीतून खरी घोंगडी काढली. काळी, खरखरीत, वासाची. ती सगळ्यांच्या हातातून फिरवली. "टोचते," "वास येतोय," "माझ्या आज्जीकडे आहे." एका मुलीने अंगावर घेऊन बघितली आणि लगेच टाकून दिली, मे महिना होता. थर्माकोलचा ऑक्टोपस भिंतीवरून हे सगळं बघत होता.

पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. "उणे" शब्दावर सगळे अडले. मोठ्या मुलांना उणे म्हणजे मायनस एवढंच माहीत असतं, लहानांना तेही नाही. काकूंनी चिंचोके काढले. दहा चिंचोके एका मुलासमोर ठेवले, तीन उचलले. "दहा उणे तीन." सात. परत दोन उचलले. पोरगं रडवेलं झालं, खरंच, चिंचोक्यांसाठी. "कमी पडले ना? हे उणे पडणं. मेंढपाळ असला की कोणी उचलून नेत नाही." आणि मग लूकच्या पंधराव्या अध्यायातली शंभर मेंढरांची गोष्ट, एक हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून ते एक शोधायला जातो ती. गोष्ट सांगायच्या आधी शंभर चिंचोके सगळ्यांना वाटून मोजायला लावले, दहाचे ढीग करून. मोजले तर नव्व्याण्णव. परत मोजले, नव्व्याण्णव. "शंभर उणे एक. आता काय करायचं?" एक शहाणा म्हणाला जाऊ दे, एकच तर आहे. बाकीचे त्याच्यावर ओरडले. सगळा हॉल शोधला, बाकांखाली, चपलांमध्ये, पेटीच्या मागे, शेवटी घोंगडीच्या घडीत सापडला. काय दंगा केला! डायरेक्टर सर बघायला आले की काय झालं. तेव्हा काकूंनी फक्त एवढंच म्हटलं, की असा आनंद स्वर्गात होतो असं येशू म्हणाला, आणि चिंचोके गोळा करायला लावले. वेगळं तात्पर्य वगैरे काही नाही. मी मागे खुर्चीत इलेक्ट्रालची बाटली घेऊन बसले होते आणि मला नगरचा तो फळा आठवत होता.

आणि आकडी! हे राहिलंच. त्याच स्तोत्रात पुढे येतं ना की तुझी आकडी आणि तुझी काठी मला धीर देतात, तर एका मुलाने गंभीरपणे विचारलं की आकडी म्हणजे फिट येते ती का, त्याच्या शेजारच्या दादाला येते. सगळ्या ताया गप्प. मी स्वतः इतकी वर्षं ते म्हणत आलेय, कधी थांबून विचार केला नव्हता. काकू उठल्या, चर्चच्या मागे शेवग्याच्या शेंगा काढायला ठेवलेला बांबू आणला, टोकाला वाकडा हूक असलेला. "ही आकडी." त्याने फांदी खाली ओढून दाखवली, मग एका पोराच्या पायात हळूच अडकवून त्याला मागे ओढलं. "खड्ड्याकडे निघालं की असं." नंतर दहा मिनिटं प्रत्येकाला आकडीने ओढून घ्यायचं होतं, लाइन लागली. या सगळ्याचा खर्च शून्य रुपये, घोंगडी घरची, चिंचोके घरचे, बांबू चर्चचा.

गाण्याचं पण सांगते कारण मूळ विषय तो आहे. काकू ट्रॅक लावत नाहीत. त्यांचं म्हणणं (नंतर चहा पिताना बोलले मी त्यांच्याशी) की ट्रॅक मुलासाठी थांबत नाही. मूल अडखळलं की गाणं पुढे गेलेलं असतं, मग ते नुसतं नाचतं. त्या स्टीलचा डबा वाजवतात आणि वचनालाच चाल लावतात, आपल्या शाळेतल्या कृतिगीतासारखी, दोन-तीन सुरांत बसणारी, कारण एवढ्या लहान मुलांचा आवाज फार वर-खाली जात नाही. आणि ठेका मराठी शब्दाच्या तोडीवर पडतो. पर-मे-श्वर-माझा, टाळी, मेंढ-पाळ-आहे, टाळी. इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबले की कुठल्यातरी भलत्याच अक्षरावर हेल येतो, आणि मूल तोच हेल पाठ करतं, शब्द नाही. हे ऐकल्यावर मला लहानपणची दोन-तीन भाषांतरित गाणी आठवली, ज्यांचे शब्द मी अजून चुकीचे म्हणते आणि का ते आता कळलं.

जक्कयच्या (येशूला बघायला झाडावर चढलेला तो बुटका माणूस) गोष्टीला पण असंच. किटमधल्या चित्रात जक्कय ज्या झाडावर बसलाय ते झाड म्हणजे हिरवा कापूस लावलेलं लॉलीपॉप. आपल्या बायबलमध्ये स्पष्ट उंबराचं झाड लिहिलंय, आणि चर्चच्या कंपाउंडमध्ये उंबर आहे, फळं खाली पडून सडा पडतो, मुलं रोज त्याच्यावर चपला घासून आत येतात. काकूंनी उंबराखाली नेऊन गोष्ट सांगितली. सगळ्यात बुटक्या मुलाला पहिल्या फांदीवर बसवलं (खाली दोन दादा उभे होते, काळजी नको) आणि बाकीच्यांना गर्दी करायला सांगितली. धाकटा गर्दीत होता. त्याला जक्कय व्हायचं होतं, अजून राग आहे.

आता मोठीचं. ज्युनिअरचा वर्ग म्हणजे कॉलेजची दोन मुलं वर्कबुक वाचून दाखवतात, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, शाळाच परत. लेकीचा शेरा: बोअर. एक गोष्ट मात्र तिला जाम आवडली, वचन शोधायची शर्यत. पुस्तक, अध्याय, ओवी ओरडायची आणि छापील बायबलमध्ये आधी कोण काढतं. मोबाईल बंद. या एका खेळापायी तिला दहा दिवसांत पुस्तकांचा क्रम बऱ्यापैकी आला, सहासष्ट पुस्तकं, कुठलं जुन्या करारात, कुठलं नव्या, आणि हबक्कूक कुठे सापडतं हे तिला माझ्याहून पटकन येतं. ही खरी अ‍ॅक्टिव्हिटी. थर्माकोलचा मासा नाही.

आता तक्रारी, ज्यांच्यासाठी नाव लिहिलं नाही.

सातव्या दिवशी बाहेरून एक पाहुणे वक्ते आले. त्यांनी बिनशब्दांचं पुस्तक वापरलं, नुसती रंगीत पानं असतात ते. जुनी गोष्ट आहे ती, लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळा, लाल आणि पांढरा अशा तीन रंगांनी सुरू केली, मग पुढे सोनेरी आला, हिरवा आला. वाचता न येणाऱ्या मुलासाठी कल्पना म्हणून हुशार आहे, मान्य. पण काळं पान उघडून पन्नास मुलांसमोर "काळं म्हणजे काय? पाप! घाण!" असं ओरडवून घ्यायचं, आपल्या देशात, जिथे आधीच घरोघरी पोराच्या रंगावरून बोलणं होतं? माझा धाकटा सावळा आहे, बापासारखा. घरी येऊन त्याने हात पुढे करून विचारलं, हे पापाचं आहे का. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवरा रात्री त्याला घेऊन गच्चीवर गेला आणि आभाळ दाखवत बसला, काळं.

आणि त्याच वक्त्यांनी शेवटी विचारलं, कोणाला नरकात जायचंय, कोणाला स्वर्गात, स्वर्गवाल्यांनी हात वर करा. चार वर्षांचं मूल हात वर करणारच हो, तुम्ही आइस्क्रीम कोणाला पाहिजे विचारलं तरी करेल. मग ते मोजले आणि आकडा जाहीर केला. धाकटा दोन रात्री उठला झोपेतून. विश्वास मलाही द्यायचाय मुलांना, म्हणून तर पाठवते, पण घाबरवून नाही. हॉलमध्ये स्टेजच्या मागे भलामोठा बॅनर होता नीतिसूत्रे २२:६ चा, मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे. बॅनरच्या बरोबर पुढे उभं राहून हे सगळं.

मी दुसऱ्या दिवशी डायरेक्टर सरांशी बोलले. खरं तर भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि आठव्या दिवशी प्रार्थनेनंतर स्वतः मुलांना सांगितलं की रंगाचा आणि पापाचा काही संबंध नाही, आणि पुढच्या वर्षी मळका रुमाल धुऊन दाखवू म्हणाले. मळका रुमाल सगळ्यांचाच होतो. अर्धा स्टार तिथेच परत दिला मी.

अजून एक, आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी पण आली होती, ख्रिस्ती नाही, मोठीची मैत्रीण. तिच्या आईला मी नाव घालायच्या आधीच सांगितलं होतं की इथे बायबल शिकवतात, प्रार्थना असते, नुसता क्राफ्टचा क्लास नाहीये, बघा तुम्हाला चालतंय का. त्यांना चाललं. पण फॉर्मवर हे कुठेच धड लिहिलेलं नव्हतं, नुसतं "समर कॅम्प, गाणी, खेळ, मस्ती". हे बरोबर नाही, आपलं जे आहे ते सरळ लिहा. लपवण्यासारखं काय आहे त्यात. मीटिंगमध्ये हे बोलले तर दोघांनी माना डोलावल्या आणि एकाने विषय बदलला.

पॉइंट सिस्टीम पण बंद करा बाबांनो. वचन पाठ केलं की दहा पॉइंट, मित्र आणला की पन्नास. वचनापेक्षा मित्राला पाचपट भाव, हे ठरवलं कोणी? आणि शेवटी तीन मुलांना बक्षीस, बाकीची रडतात.

खाऊ मस्त. महिला मंडळाला दंडवत. पोहे, इडली, एक दिवस पावभाजी, रोज केळं, रसना. पाच भाकरी आणि दोन मासे या गोष्टीच्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना पिठाचा गोळा देऊन छोट्या छोट्या भाकरी थापायला लावल्या आणि भाजून दिल्या. मासे नव्हते, त्याऐवजी चटणी. धाकट्याची भाकरी भारताच्या नकाशासारखी होती, श्रीलंकेसकट. तीच त्याने दोन दिवस जपून ठेवली आणि मग मुंग्या लागल्या.

क्लोजिंग प्रोग्राम तीन तास. लांब. भाषणं पाच. थीम साँगला ऐंशी मुलं स्टेजवर, स्टेज हलत होतं, सगळ्या आया मोबाईल वर धरून. बिगिनरचं स्तोत्र २३ सगळ्यात शेवटी ठेवलेलं, तोपर्यंत लोक उठून जेवणाच्या लाइनीकडे निघाले होते. काकूंनी डबा वाजवला. पोरांनी फार फास्ट सुरू केलं, दोघं आधीच अंगठा मिटून बसली, एक खाली उतरून आईकडे गेली. पण सगळं वचन आलं, न अडखळता, आणि पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई हळूच आपली करंगळी मिटायला लागल्या, मी बघितलं.

हे सगळं मे मधलं. आज लिहितेय जुलैमध्ये, मुद्दाम थांबले होते, कारण लगेच लिहिलं असतं तर रागात दोन स्टार दिले असते. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी बसच्या खिडकीतून धाकट्याने मला मूठ दाखवली. मला वाटलं ठोसा दाखवतोय, चिडलाय. बस वळल्यावर लक्षात आलं की अंगठा आत होता. थीम साँग विचारलं तर आता "लालाला" पण नीट येत नाही. मोठीची फळं, मासे, पाणबुडीचा कीचेन हे सगळं दिवाळीच्या साफसफाईत जाईल, टोपी आधीच गेली.

माझे स्टार: काकूंच्या वर्गाला पाच. ज्युनिअरला अडीच. खाऊला पाच. पाहुण्या वक्त्यांच्या दिवसाला शून्य. सगळं मिळून साडेतीन धरा.

पुढच्या वर्षी घालणाऱ्यांसाठी: नावनोंदणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, बिगिनरच्या जागा लवकर भरतात. पाण्याची बाटली द्या, कूलर एकच आहे. पार्किंग नाही, रिक्षाने जा. आणि फॉर्म भरायच्या आधी फोन करून विचारा की बिगिनरला काकू आहेत का, कारण यंदा त्या बदली म्हणून आल्या होत्या आणि पावसाळ्यात त्यांचा गुडघा फार दुखतोय असं कळलंय. त्या नसतील तर मी मुलांना दहा दिवस नगरला आईकडे पाठवणारे, तिच्याकडे चिंचोके पण आहेत.